मंदु

पंकज घामानं भिजून खाटेवर पडले होते, हाक मारली तरी ओ देत नव्हते. मी आणि सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला कसंबसं ऑटोत घातलं नि दवाखान्यात आणलं.

नर्स तेलुगू. तिनं सासूबाईंना विचारलं, "मंदु वाडिंडा?" म्हणजे औषध घेतलं का? पंकजना साखरेचा आजार, सकाळची गोळी चुकत नाही. पण सासूबाईंचं तेलुगू बोथ गावच्या बाजारात ऐकलेलं. तिथं मंदु म्हणजे फवारणीची दवाई. झाला ध चा मा.

"अवं माय, दवाई पेला का तो?" म्हणत त्या मटकन खाली बसल्या.

"डब्बा किधर था?" त्यांना तसं बसलेलं पाहून नर्सलाही विषाचाच संशय आला, तिनं घाईनं विचारलं.

"खाटेखाली. हिरवी बाटली. झाकन उघडं होतं." ऑटोत बसेपर्यंत या बाईला बाटलीचं नाव ठाऊक नव्हतं, आता झाकणसुद्धा दिसू लागलं. "वास बी येत होता. या रंजीतानंच तं उचलून ठेवली." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही बोलणार, तोच माझ्याही डोळ्यांपुढे घरची खाट आली, तिच्याखाली हिरवं काहीतरी दिसलं. मग बाटली दिसली. मग ती उचलणारा माझाच हात. मी घाबरले.

"आपने देखा?" डॉक्टरांनी मला विचारलं. नर्सच्या हातात पोटात घालायची नळी तयार होती. हो म्हणाले आणि विष नसलं, तर भलत्याच उपचारात माणूस हातचा जाणार. नाही म्हणाले आणि विष असलं, तरी तेच.

पदर खोचायला कमरेकडे हात गेला आणि किल्ली लागली. फवारणीची दवाई वावरातल्या कोठीत असते, कोठीला कुलूप असतं, आणि किल्ली कालपासून माझ्या कमरेला होती. बाटली घरी आलीच कशी असेल? आणि सकाळी गोळी घेतल्यावर ते जेवले नव्हते, हेही आठवलं.

"नहीं," मी म्हणाले. "शुगर की गोली खाए, खाना नहीं खाए. पहले शुगर देखो."

"खोटं काऊन बोलून राह्यली?" सासूबाई माझ्या अंगावर आल्या. "माह्या पोराले मारतं का?"

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली. यंत्रावरचा साखरेचा आकडा पार खाली गेलेला पाहताच नळी बाजूला ठेवायला सांगितली आणि शिरेतून ग्लुकोज दिलं. पंकजनी डोळे उघडले तेव्हा मला रडू आवरेना.

सासूबाई त्यांच्या तोंडावरून हात फिरवत होत्या. "काऊन पेला रे दवाई?"

काय घडलं ते मी सांगितलं. ऐकून ते हसलेसुद्धा. मग म्हणाले, "आईचं सोड. तू तं नाही पाह्यली ना बाटली?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण बाटली अजून मला दिसत होती.

"दिसली होती," मी म्हणाले.

"म्हंजे तुले बी वाटलं, मी पेईन," असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.