पंधरावं घर

माझा राग नाकावर असतो, हे आईने, वृंदामावशीने आणि माझ्या प्रत्येक रूममेटने मला सांगून झालंय. तेव्हा तुम्ही नवीन काही सांगू नका. झालं ते जसंच्या तसं सांगते. 

मी मृण्मयी, मूळची साताऱ्याची. हॉलंडमध्ये युट्रेख्टला मॅथेमॅटिकल मॉडेलिंगमध्ये मास्टर्स करतेय. थीसिसचा विषय, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरातली हालचाल. पंधरा घरं घेतली होती. प्रत्येक खोलीत आणि जिन्यात काडेपेटीएवढा एक सेन्सर. समोरून कोणी गेलं की तो स्वयंपाकघरातल्या एका डब्याला कळवणार, आणि डबा इंटरनेटवरून मला. कॅमेरा नाही, आवाज नाही. माझ्या स्क्रीनवर नुसता घराचा नकाशा आणि त्यात फिरणारा एक ठिपका. तीन-चार महिने बघून माझं मॉडेल त्या माणसाच्या सवयी शिकतं. कधी उठतो, चहाला किती वेळ लावतो, दुपारी पडतो का. सवय मोडली की धोक्याची सूचना द्यायची, अशी कल्पना.

आणखी एक गोष्ट ते मॉडेल करतं. वायफाय मधेच जातं, डेटाला भोकं पडतात. पाच-दहा मिनिटांचं भोक असेल तर मॉडेल ते सवयीवरून भरून काढतं. या धंद्यात सगळेच भरतात, त्यात चोरी नाही. फक्त भरलेला ठिपका राखाडी दाखवायचा, खरा हिरवा. आणि भोक दोन तासांच्या वर गेलं तर भरायचं नाही, लाल दिवा लावायचा.

चौदा घरं डच आजीआजोबांची होती. पंधरावं घर वृंदामावशीचं.

मावशी वाखनिंगनला असते. असायची. तीस वर्षं तिथे बियाण्यांवर संशोधन केलं, लग्न केलं नाही, रिटायर झाली आणि पुढच्या खिडकीत कुंड्यांमधून अळू वाढवायला लागली. हॉलंडमध्ये अळू! पानं तळव्याएवढीच यायची, पण वड्या करायची आणि मला फोन करून बोलवायची. मी इथे आले तेव्हा पहिले दोन महिने तिच्याच घरी होते. सायकल तिने शिकवली मला, बाविसाव्या वर्षी, मागून कॅरियर धरून धावत. सत्तरीची बाई!

भांडण झालं ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी. मी गेले होते सेन्सरच्या बॅटऱ्या बदलायला. तिने सकाळपासून खपून वड्या केल्या होत्या, आणि मी ताटाशेजारी लॅपटॉप उघडून बसले. दोनदा म्हणाली, "मृणू, गरम आहेत तोवर खा." मी हं म्हटलं. तिसऱ्यांदा तिने सरळ लॅपटॉप मिटला.

"तू बॅटऱ्या बदलायला येतेस गं. मला भेटायला कधी येणार?"

"अगं, रोज तर बघते मी तुला!"

"मला नाही, त्या ठिपक्याला बघतेस. शेवटचा फोन कधी केलास सांग बरं?"

आता चूक माझीच होती, पण मी गप्प बसले तर ती मी कसली. म्हटलं, "एकटी राहून राहून डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या." बोलले आणि जीभ चावली. पण शब्द गेला तो गेलाच. मावशी उठली. वड्या डब्यात भरल्या, डबा माझ्या बॅगेत ठेवला आणि दार उघडून उभी राहिली.

मग सुरू झाला अबोला. मी म्हटलं, ती मोठी आहे, तिने करावा फोन. ती म्हणत असणार, ही लहान आहे, हिने करावा. आमच्या घराण्यात सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आणि मला काळजी नव्हती ना! रोज सकाळी दात घासता घासता मी पंधरावं घर उघडायची. सहा चाळीसला मावशी उठली. सातला स्वयंपाकघर. दुपारी दोन ते चार वरच्या खोलीत. चारला जिना उतरून चहा. सगळं ठणठणीत. उलट जरा रागच यायचा, की बघा, बाईसाहेबांना काही फरक पडलेला नाही. इकडे माझा जीव तुटतोय आणि ही वेळेवर चहा पितेय.

सव्वीस तारखेच्या रविवारी संध्याकाळी आईचा फोन आला. "अगं, वृंदा फोन उचलत नाहीये कालपासून."

मी स्क्रीन बघितली. "आई, आत्ता स्वयंपाकघरात आहे ती. फोन वर राहिला असेल."

"नक्की ना?"

"समोर दिसतेय मला."

आई निर्धास्त झाली. मीच केलं तिला निर्धास्त.

त्याच रविवारी इथली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली होती. दर ऑक्टोबरला जातात. मंगळवारी सकाळी मी पंधराही घरं एकाखाली एक लावून बघत होते, माणसं या बदलाशी कशी जुळवून घेतात म्हणून. चौदा घरांत गोंधळ होता. कोणी अर्धा तास लवकर उठलं, कोणी दुपारीच जेवायच्या टेबलाशी जाऊन बसलं, पण तिसऱ्या दिवशी सगळे हळूहळू नव्या वेळेवर आले होते. पंधराव्या घरात गोंधळच नव्हता. मावशी तिन्ही दिवस पाच चाळीसला उठली होती. चहा तीनला. बरोब्बर एक तास आधी, मिनिटाचा फरक नाही.

मी हसले. खरंच हसले हो. म्हटलं, हट्टी आहे, घड्याळंच बदलली नसतील.

मग आठवलं, तिचं घड्याळ म्हणजे तिचा फोन. तो आपोआप बदलतो.

बदलत नाही ते माझं मॉडेल. ते जागतिक वेळेवर चालतं, त्याला उन्हाळा-हिवाळा कळत नाही. सप्टेंबरात गाइडना काम दाखवायचं होतं तेव्हा नेटवर्क सारखं जात होतं, नकाशा राखाडी आणि लाल ठिपक्यांनी भरला होता. बरं दिसेना, म्हणून मी अर्ध्या तासापुरत्या कोडमधल्या दोन ओळी बंद केल्या होत्या. राखाडी रंगाची एक, दोन तासांच्या मर्यादेची एक. गाइड म्हणाले, छान दिसतंय. त्या दोन ओळी मी परत चालू केल्याच नाहीत.

मी कच्चा डेटा उघडला. पंधराव्या घराची शेवटची खरी नोंद तेरा ऑक्टोबर, सकाळी नऊ सतरा. आमच्या भांडणाचा दुसरा दिवस. त्यानंतर पंधरा दिवस त्या घरातून एक अक्षर आलं नव्हतं. पंधरा दिवस जी उठत होती, जिना उतरत होती, चहा पीत होती, ती मावशी नव्हती.

फोन लावला. बंद.  एडे-वाखनिंगन स्टेशनपर्यंत गाडी, पुढे बस. बसमध्ये बाजूची बाई विचारत होती की मला बरं वाटत नाहीये का, आणि मी तिला मराठीतच काहीतरी उत्तर दिलं.

तिच्या घराची किल्ली होती माझ्याकडे. पावणेतीनला दार उघडलं. घर गार होतं, हीटर बंद. "मावशी," मी हाक मारली. खिडकीतल्या अळूची माती ओली होती, म्हणजे कोणीतरी पाणी घातलं होतं. तिच्या चपला दाराशी नीट ठेवलेल्या. मोबाइलवर मी पंधरावं घर उघडलं. ठिपका वरच्या खोलीत होता, हिरवा.

मला माहीत होतं हो तो खोटा आहे. मीच लिहिलेला. तरी मी पाय न वाजवता जिना चढले, झोपमोड होऊ नये म्हणून.

पलंगावर गादी उघडी. चादर नाही, उशी नाही. ठिपका बरोबर तिथेच, पलंगाच्या जागी. मी सेन्सरसमोर उभी राहिले, हात हलवला, दोन्ही हात हलवले. नकाशात काहीच उमटलं नाही. त्या घरात मी नव्हतेच. एकटी मावशी होती.

दोन अठ्ठावन्नला ठिपका पलंगावरून उठला.

मी खाली पळाले. अर्ध्या जिन्यात पोहोचले आणि नकाशात जिना उजळला. इथले जिने अरुंद आणि उभे, दोन माणसं मावत नाहीत. मी काय केलं सांगू? मी भिंतीला पाठ टेकवून अंग चोरून उभी राहिले. तिला जायला वाट दिली. श्वास रोखून धरला होता मी. दिसलं काही नाही, ऐकू काही आलं नाही. ठिपका मात्र माझ्याजवळून खाली गेला आणि स्वयंपाकघरात जाऊन थांबला.

मी मागोमाग गेले. ती सहा मिनिटं चहा करते. शेगडीपुढे मी सहा मिनिटं उभी होते, एका बाजूला सरकून, तिच्या हाताला धक्का लागू नये म्हणून. "मावशी, चुकलं माझं," मी म्हणाले. शेगडी गार होती. ठिपका वेळ झाल्यावर बैठकीच्या खोलीकडे निघून गेला, मी बोलत होते तरी.

तेव्हा मला डबा दिसला. प्लग काढलेला. बिघाड नव्हता, धक्का लागून निसटला असंही नव्हतं. वायर नीट गुंडाळून तिला रबर लावलेलं. मावशीनेच काढला होता.

दार वाजलं. शेजारच्या हानेके होत्या, मावशीच्या वयाच्या. मला बघून त्यांनी दाराची चौकट धरली. "तू मृणू," त्या म्हणाल्या. "अगं, पोलीस, नगरपालिका, सगळे तुझा शोध घेतायत. आम्हाला तुझं हे एवढंच नाव माहीत होतं. तिचा फोन उघडता येईना."

शनिवारी दुपारी गेली मावशी. खुर्चीत बसल्या बसल्या, हृदय बंद पडून. रविवारी सकाळी कॉफीला आली नाही म्हणून हानेके बघायला आल्या. चादर-उशी त्यांनीच काढून नेली होती, कुंड्यांना पाणीही त्याच घालत होत्या. म्हणजे मी आईला "समोर दिसतेय मला" म्हणाले, तेव्हा मावशीला घराबाहेर नेऊनही झालं होतं.

त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. मी डब्याकडे बोट दाखवून विचारलं, हा का काढला होता तिने?

"तुमचं भांडण झालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी," हानेके म्हणाल्या. "मी इथेच होते. हसत होती ती. म्हणाली, हा बंद केला की पोरगी घाबरेल आणि दोन तासांत फोन करेल. मग मी तिला आधी खूप रागावेन, आणि मग जेवायला बोलावेन."

 दोन तासांचा नियम मीच मावशीला समजावून सांगितला होता, सेन्सर बसवले त्या दिवशी. लाल दिवा लागला की मी सगळी कामं टाकून फोन करेन, असं म्हटलं होतं.

"मग वाट बघत बसली?" मी विचारलं.

हानेकेंनी माझा हात हातात घेतला. सांगावं की नाही, असं त्यांना झालं असावं.

"बारा दिवस," त्या म्हणाल्या. "मध्ये तिला वाटलं, आपला फोनच बिघडलाय. मला म्हणायची, तुझ्या फोनवरून एक रिंग दे बघू. मी तीन वेळा दिली. तिन्ही वेळा लगेच उचलला तिने."