लाज नव्हे, भेव

रवी लाजाळू आहे, असं त्याचे बाबा देवमन ज्याला त्याला सांगत, आणि ऐकणाऱ्यालाही ते गोड वाटे. आजकाल लाजाळू पोरगा मिळतो कुठं, म्हणत. माणसांचं असंच असतं. हाताशी एक शब्द सापडला की पुढं बघायचे कष्ट कोण घेतो? मालेगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानात हा पोरगा दिवसभर मान खाली घालून तांब्याची तार गुंडाळायचा आणि गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आली की मागच्या खोलीत सटकायचा. मालकाची काही तक्रार नव्हती. काम चोख, तोंड बंद.

धनज गावच्या रत्नमालाशी लग्न ठरलं तेव्हा रवीला खरोखरचा आनंद झाला. पोरगी मनात भरली होती. तीही लाजरीच. पहिल्या फोनला नुसतं 'हं, हं' करत राहिली. मग चार-दोन फोन झाल्यावर खुलली, त्याची थट्टा करायला लागली. रवी मात्र फोन वाजला की अजूनही आधी तळहात पुसायचा. तिच्याशी बोलायला जीव आसुसलेला आणि हात कापतोय, असं ते विचित्र प्रकरण होतं. सांगायचं कुणाला आणि काय म्हणून?

तारीख जवळ आली तसं त्याचं अन्नपाणी तुटलं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात नवरदेवाला सगळ्यांसमोर पाच प्रतिज्ञा म्हणाव्या लागतात. लग्न लावणारे बौद्धाचार्य एकेक ओळ सांगतात, नवरदेव ती माईकवर म्हणतो, मग नवरी तिच्या म्हणते. रवीला पाचही पाठ होत्या. दुकानात मोटार चालू असली की तिच्या घरघरीत तो त्या घडाघडा म्हणायचा. भीती होती ती मांडवभर डोळ्यांची. आवाज फाटेल, लोक हसतील, बाबांची मान खाली जाईल, आणि ते हसणं जन्मभर मागे लागेल. हे सगळं त्याला डोळे मिटले की दिसे, जणू होऊनच गेलंय. एकदा हिय्या करून तो आईला, लिलाबाईला म्हणाला, “माय, मले लोकायसमोर बोलणं नाही जमणार.”

“लाज सर्व्यायलेच वाटते बापू,” लिलाबाई कणीक मळता मळता म्हणाली. “स्टेजवर चढलं का जाते.”

माउलीनं प्रेमानंच सांगितलं. पण त्या दिवसापासून रवी आणखी एकटा पडला.

लग्नाच्या दिवशी धनजच्या मांडवात बसायला जागा नव्हती. त्रिशरण-पंचशील सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, त्यात रवीचाही आवाज निघाला. कुणाला वेगळा ऐकू जात नव्हता, म्हणून निघाला. मग बौद्धाचार्यांनी त्याच्या हातात माईक दिला आणि सांगितलं, “मी माझ्या पत्नीचा सन्मान ठेवीन.”

रवीनं तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती. शब्द फुटला नाही, पण माईकनं त्याचा श्वास उचलला आणि दोन्ही भोंग्यांतून तो धापा टाकणारा श्वास आख्ख्या मांडवानं ऐकला. पोरं फिदीफिदी हसली. “लाजला नवरदेव,” कुणीतरी म्हणालं. बौद्धाचार्यांनी ओळ पुन्हा सांगितली. पुन्हा तोच श्वास. मग हसणंही थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं.

रत्नमालाचे मामा राजपाल उठून उभे राहिले. “पोराच्या मनात नसन तर आत्ताच सांगा, देवमनदादा. आमची पोरगी काही रस्त्यावर नाही पडली.”

विहारात वंदना म्हणताना ज्यांचा आवाज वेशीपर्यंत जाई, ते देवमन खाली बघत राहिले. रवीनं माईक टेबलावर ठेवला आणि मांडवामागं निघून गेला.

पाण्याच्या टँकरला धरून तो ओकला. पोटात काही नव्हतंच, नुसतं कडू पाणी पडलं. लग्न मोडलं, त्यानं स्वतःला सांगितलं, आणि आपणच मोडलं.

मागून बांगड्या वाजल्या. पांढऱ्या साडीचा पदर सावरत रत्नमाला उभी होती, लालबुंद झालेली. भर मांडवातून नवरी उठून आली होती, तेव्हा तिकडं काय बोललं जात असेल याची तिला पुरती कल्पना होती.

“दुसरी कोनी हाये का मनात?” तिनं विचारलं.

“नाही. तुझी आन.”

“मंग काहून असं? लाज तर मले बी वाटून राह्यली.”

“लाज नाही व हे. भेव हाये.” रवी तिच्याकडं न बघता बोलू लागला, आणि एकदा लागल्यावर थांबेना. “लाज वळखी झाली का जाते. तुही गेली, म्या पाह्यलं. माहं जातच नाही. तुहा फोन आला तरी हात कापते. महिनाभरापासून झोप नाही. अन् आता जे झालं, ते वर्षभर रोज डोळ्यासमोर येईन.”

रत्नमालानं एकवार मांडवाकडं वळून पाहिलं. तीही घाबरली होती. हे असलं दुखणं घरात घेऊन संसार करायचा, हा विचार तिच्या मनात आला नाही असं कोण म्हणेल? शेवटी तिनं एवढंच विचारलं, “माह्यासंग राहाचं हाये?”

“हाये.”

“चाला मंग.”

ती स्टेजवर गेली, बौद्धाचार्यांना हात जोडले आणि म्हणाली, “मी अगोदर म्हनते.” रीत तशी नव्हती. राजपालमामांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण बौद्धाचार्यांनी मान हलवली. पहिल्या प्रतिज्ञेला तिचा आवाज जेमतेम पुढच्या रांगेपर्यंत गेला. तिसरीला मोकळा झाला. पाचवी तर तिनं अशी म्हटली की तिच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या.

मग माईक रवीकडं आला. पहिली ओळ त्यानं म्हटली, तुटक, फाटक्या आवाजात. लोक हसले. त्यानं दुसरी म्हटली. पाचव्या ओळीलाही त्याचा आवाज पहिल्यासारखाच कापत होता, तसूभर कमी नाही, पण ओळ पुरी झाली. फुलं पडली. देवमन डोळे पुसत राजपालमामांना म्हणाले, “म्या म्हटलं नव्हतं? लाजत होता. मोडली लाज.”

रत्नमालानं ते ऐकलं. तिनं रवीच्या हाताकडं पाहिलं.

थोड्या वेळानं एकाच ताटात जेवण वाढून आलं. नवरदेव-नवरीनं एकमेकांना घास भरवायचा, भोवती बायापोरांचं कोंडाळं, कॅमेरावाला खुर्चीवर चढलेला. रवीचा चेहरा पांढरा पडला. रत्नमालानं ताट उचललं.

“आमी आत जेवतो,” ती म्हणाली. “मले लय लाज वाटते.”

बाया खो खो हसल्या. “आता व माय, नवरी तर नवरदेवाच्या वरताण निंगाली लाजाळू.” रत्नमालानं त्यांना हसू दिलं, आणि रवीला आत घेऊन खोलीचं दार लावून घेतलं.