वैद्यराज पांग यांचा रेशमी दोरा

वैद्यराज पांग रोग्याला हात लावत नसत. मधे पडदा. अलीकडे रोगी आणि गर्दी, पलीकडे वैद्यराज. मनगटाला रेशमी दोरा बांधायचा, त्याचं दुसरं टोक त्यांच्या बोटांत. रोगी तोंड उघडायच्या आधीच आतून आवाज यायचा, "गुडघा! डावा!" आणि सगळं सभागृह 'आहाहा' करायचं. नानजिंगजवळच्या त्या गावात लोक पहाटेपासून रांग लावत.

रांगेत आपल्या वेनशियू आत्याला पाहून पेईलान चरकली. आत्या बदकाच्या रक्ताच्या वड्या घालून शेवयांचं सूप विकायची. एरवी तिचा आवाज नदीपलीकडे जायचा. आज चार पावलांत तिला धाप लागत होती. ओठ पांढरे पडले होते.

पेईलान शहरात चिनी वैद्यकाच्या संशोधनात होती. रक्तदानाआधी आणि नंतर माणसाची नाडी कशी बदलते, हे ती यंत्रावर मोजायची. तिनं आत्याचं मनगट धरलं. नाडी पळत होती, पण बोटाखाली जेमतेम लागत होती.

"आत्या, शौचाला काळं होतं का?"

"डांबरासारखं. बदकाचं रक्त खाते ना मी!"

"गुडघ्याच्या गोळ्या?"

"त्या तर रोजच्याच."

"त्या गोळ्यांनी तुझ्या पोटात रक्त झिरपतंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"काहीतरीच! वैद्यराज म्हणाले, रक्त फार वाढलंय. आज काढणार आहेत."

ओरडून उपयोग नव्हता; आत्या लहानपणापासून तिला 'अतिशहाणी' म्हणायची. तेवढ्यात दारातल्या चहावाल्या बाईकडे तिचं लक्ष गेलं. बाई प्रत्येकाला कप देत मायेनं विचारपूस करी आणि मग आत हाक मारी. पाठ धरलेल्याला "आल्याचा चहा!", डोळे चुरचुरणाऱ्याला "शेवंतीचा चहा!" कपात मात्र सगळ्यांना एकच पाणचट चहा.

"आत्या, पैज लाव. तुझ्या टपरीवरचं एक बदक दे. दोरा त्याला बांधते. वैद्यराजांनी ओळखलं तर मी गप्प. नाही ओळखलं तर तू माझ्याबरोबर दवाखान्यात."

"ओळखतील! नुसतं ओळखणार नाहीत, त्याचं वयही सांगतील!"

चादर पांघरलेली टोपली घेऊन पेईलान दारात आली. चहावाली कानाशी लागली, "काय होतंय गं, पोरी?"

"पाळी चुकलीय," पेईलान लाजून म्हणाली.

"लाल बोरांचा चहा!" बाईनं हाक दिली.

पेईलाननं चादरीखाली हात घालून बदकाच्या पायाला दोरा बांधला. मग वैद्यराजांचा गहिवरलेला स्वर आला, "पेढे वाटा! तिसरा महिना! मुलगा आहे, आणि मोठा साहेब होणार!"

गर्दीनं टाळ्या वाजवल्या. त्या आवाजानं बदक बिथरलं आणि चादरीतून मान काढून ओरडलं. पेईलाननं ते डोक्यावर उचलून धरलं. दोरा पायातच होता.

पडदा सरकला. वैद्यराज क्षणभर गडबडले, पण हार मानेनात. "मग काय झालं? बदकालाही दिवस जातात!"

"वैद्यराज," आत्या धापा टाकत म्हणाली, "बदकीण अंडी घालते. आणि हा तर नर आहे."

हशा थांबेचना. पेईलाननं चहाच्या हाका एकेक करून समजावल्या. तोवर चहावाली किटली टाकून मागच्या दारानं पसार झाली होती. एक म्हातारा मात्र हट्टानं म्हणत राहिला, "पण माझा गुडघा बरोबर ओळखला!"

"बाबा, तो तुम्हीच दारात सांगितला होता," पेईलान म्हणाली. "बोटं मनगटावर ठेवली, तर नाडी थोडंफार सांगते. तेवढ्यावरही थांबायचं नसतं, तपासण्या करायच्या असतात. पण लोंबत्या दोऱ्यातून मनगटाचं काय कळणार? कुणी चमत्कार दाखवला की पाया पडण्याआधी एवढंच विचारा : तुला हे कळलं कसं?"

दवाखान्यात आत्याच्या जठरात व्रण सापडला. त्यातून रक्त वाहत होतं. त्यातच आणखी रक्त काढलं असतं तर ती दगावलीच असती, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी, हाताला रक्ताची पिशवी लावलेली असताना, आत्यानं डोळे उघडले आणि तपासायला आलेल्या डॉक्टरांना खणखणीत आवाजात विचारलं,

"व्रण आहे म्हणता. तुम्हाला कसं कळलं, ते दाखवा आधी!"

डॉक्टरांनी हसत हसत पोटात घातलेल्या दुर्बिणीतून घेतलेला व्रणाचा फोटो तिच्यापुढे धरला.