बनुबाईंच्या डोक्याचा फोटो

मी बनुबाईंच्या डोक्याचा फोटो बोलतोय. शहरात मला स्कॅन म्हणतात, पण कुंडलजवळच्या आमच्या वाडीत मला याच नावानं ओळखतात.

शहाण्णव साली सांगलीच्या एका दवाखान्यात मी जन्मलो. बनुबाई यंत्राच्या मोठ्या कड्यात डोकं घालून गुमान पडल्या होत्या. उजवा हात तेवढा कापत होता. बाहेर त्यांचे मालक हंबीरराव येरझारा घालत होते. उभी हयात फौजेत काढलेला माणूस, पण त्या दिवशी तोंडचं पाणी पळालं होतं.

डॉक्टरांनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं. "हा पार्किन्सन, म्हणजे कंपवात. हात कापतो, चाल मंदावते. काहींची पुढं आठवण आणि विचारशक्तीही मंदावते."

"म्हंजे हिचं डोस्कं जाणार?" हंबीरराव कसेबसे म्हणाले.

"सगळ्यांचं जात नाही. कुणाचं जाईल ते असल्या फोटोंवरून आधी ओळखता येतं का, हेच आम्ही शिकतोय. मेंदू आक्रसला, मधल्या पोकळ्या रुंदावल्या, की आम्ही सावध होतो. यांच्यात तसं दिसत नाही. माझ्या प्रश्नांची उत्तरंही यांनी चोख दिली. पुढची काही वर्षं डोकं शाबूत राहील, असा माझा अंदाज. अंदाज हं, हमी नव्हे. दोन वर्षांनी पुन्हा फोटो काढून ताडून बघू."

"मग झालं तर," बनुबाई पदर सावरत म्हणाल्या. "म्या पंचायतीला उभी ऱ्हाते."

आणि त्या सदस्य म्हणून निवडूनही आल्या! सरपंच सदस्यांनीच आपल्यातून निवडायचा होता आणि ते पद बाईसाठी राखीव होतं. वाडीचे पुढारी दादासो यांना तिथं आपली भावजय बसवायची होती. भावजय खुर्चीत आणि कारभार दादासोंचा, असा बेत. निवडीच्या बैठकीत सगळ्यांदेखत ते म्हणाले, "बनुवैनींचा हात बघा. उद्या डोस्कं बी असंच हलाय लागंल. गाव येड्या बाईच्या हाती द्यायचं व्हय?"

बनुबाईंनी पिशवीतून मला काढलं आणि खिडकीच्या उजेडात उंच धरलं. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून मीही थरथरत होतो. दारात उभे असलेले हंबीरराव मला धरायला पुढं झाले.

"सोडा आवं," त्या म्हणाल्या. "हाताचं काम हात करतोय." मग दादासोंकडं वळल्या. "ह्यो माज्या डोस्क्याचा फोटू. डाक्टर म्हनत्यात, आज समदं जागच्या जागी हाय. दादासो, आता तुमचा बी दावा की!"

असा हशा पिकला की दादासोंना टोपी नीट करायचं निमित्त करावं लागलं.

बौद्धवस्तीतून निवडून आलेल्या आम्रपाली मात्र हसल्या नाहीत. दोन्ही बाजूंची मतं सारखी होती आणि त्यांचं एकच मत निकाल लावणार होतं. त्यांनी सरळ विचारलं, "काकी, पुढं मागं तुमी इसराय लागला तर?"

"तर तू तोंडावर सांग. म्या त्याच पावली खुर्चीवरनं उठते."

आम्रपालींचा हात वर गेला. त्यांच्यापाठोपाठ बनुबाईंच्या बाजूच्या बाकीच्यांचे. बनुबाईंचा स्वतःचा हातही वर गेला, थरथरत, पण सगळ्यांत उंच! गुलाल माझ्यावरही उडाला. अजून एका कोपऱ्यात आहे तो.

दोन वर्षांनी माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ लागला. डॉक्टरांनी दोघांना ताडून बघितलं आणि ते हसले. अंदाज खरा ठरला होता. तोवर वस्तीच्या आणि वाडीच्या नळाला एकाच दिवशी पाणी आलं होतं.

आता बनुबाई हळू चालतात, हळू बोलतात, पण सभा त्यांच्यासाठी थांबते. मी कपाटात जुना होत चाललोय. डॉक्टरांच्या हाताखाली शिकणारी पोरं माझ्याहून लख्ख फोटो काढतील, माझ्याहून पुढचं सांगतील. माझं मागणं एवढंच, कुणाचा हात कापताना दिसला तर घाईनं त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. आधी त्याला विचारा. उत्तर यायला जरा वेळ लागेल. तेवढं थांबा.