ढेलीचे दोन पाटे

आमच्या पिकअपचं नाव ढेल. ढेल म्हणजे लांडोर. हिची चालही तशीच, अंग घुसळत, डुलत जाणारी. नाव मीच ठेवलं, तेव्हा कौतुकानं ठेवलं होतं. पण वैशाखात एका खेपेला चाळीस घड्यांतले अकरा तडकून परत आले, आणि कौतुक ओसरलं.

त्या अकरांचं दुःख मी गिळलं असतं. पण पुढची खेप रामीची होती.

रामी अरजण आहिराची लेक. लहानपणी उन्हाळाभर माझ्या ओसरीवर बसायची, माझ्या बांबूच्या काडीनं मडक्यांवर ठिपके द्यायची. तेव्हाच तिनं वचन घेतलं होतं, "हूरबाईमासी, माझ्या मांडवाच्या उतरंडी तूच रंगवायच्या." चार कोपऱ्यांना चार उतरंडी, एकेकीत सात घडे. अठ्ठावीस घडे मी महिनाभर रंगवले. पहिल्या रांगेवर मासे, दुसरीवर लाटा, आणि सगळ्यात वरच्या चार इवल्या घड्यांवर रामीचेच ते वेडेवाकडे ठिपके, मला आठवले तसे.

आणि आहिरांची लग्नं एकाच दिवशी, वैशाख वद्य तेरसेला. गावोगावी मांडव तेव्हाच. त्या दिवशी कच्छभर शोधलं तरी बदली घडा मिळायचा नाही. मांडवात तडकलेला घडा चालत नाही; रामीच्या आजीनं तर मला बजावूनच ठेवलं होतं.

दशमीला आम्ही ढेल खेतशी मिस्त्रीच्या छपराखाली उभी केली. खेतशीनं जॅक लावला, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवलं. चाक दात पडायला आलेल्या म्हातारीसारखं हललं.

"अलारखा," तो माझ्या धन्याला म्हणाला, "तू ही गाडी चालवतोस की तिची मनधरणी करतोस?"

"जरा डावीकडे ओढते, एवढंच. मी उजवीकडे धरून ठेवतो."

"किती वर्षं?"

"सहा."

"सहा वर्षं धरून ठेवतोस. भाभीचं तरी इतकं ऐकलंस का कधी?"

मी पदराआड हसले. खेतशी गाडीखाली सरकला. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही जॉइंट झिजले होते, रबरी बुश पार पिठासारखे झाले होते. ते अपेक्षितच होतं. मग तो मागच्या चाकापाशी गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही.

"पाटे मोज," आतून आवाज आला.

अलारखानं मोजले नाहीत. त्याला तोंडपाठ होते. आधीच्या मालकानं मीठ वाहायला दोन पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, जादा चढवले होते, आणि आमच्या भागात जादा पाटा म्हणजे मिशीला पीळ. चहाच्या टपरीवर गडी एकमेकांच्या गाडीखाली वाकून पाटे मोजतात.

"ते दोन काढायचे," खेतशी म्हणाला.

"हात लावू नकोस. गाडी गुडघे टेकेल."

"मिठाखाली टेकेल. तू मीठ वाहतोस? पोकळ मडकी वाहतोस तू. इतक्या हलक्या ओझ्याला हे पाटे वाकतच नाहीत. मग प्रत्येक खड्डा सरळ घड्यात जातो."

अलारखानं हाताची घडी घातली. लोक काय म्हणतील, हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं. मी पुढे झाले.

"थापी मारून घडा वाढवता, तेव्हा आतून दुसरा हात कशाला धरता?"

"घाव झेलायला."

"तो हात दगडासारखा ताठ धरला तर?"

 त्याच्या हाताची घडी सुटली आणि त्यानं स्वतःच पाना उचलून खेतशीला दिला.

दोन पाटे निघाले. उरलेले घासून, त्यांच्यात ग्रीस भरून पुन्हा बसले. नवे जॉइंट आले, नवे बुश आले. खेतशीनं मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणली आणि चाकं तिला समांतर येईतो रॉड पिळत राहिला. शेवटी मागच्या हौद्यात पाण्यानं काठोकाठ भरलेली लोटी ठेवली, किती सांडतं ते बघायला.

"त्या खिजड्याच्या झाडापर्यंत जा आणि परत ये."

ढेल निघाली. एवढी मऊ चाल की मला वाटलं, चिखलावरून म्हैस चालली आहे. आणि ती मऊ चालत, मऊ वळत, थेट उजवीकडच्या वेड्या बाभळीत शिरली.

खेतशी पोट धरून खाली बसला. अलारखा काट्यांतून बाहेर आला तेव्हा त्याच्या फेट्याचं एक टोक बाभळीवरच राहिलं होतं. सहा वर्षं जो हात उजवीकडे धरून राहिला, त्याला आता सोडायचं कसं हे ठाऊकच नव्हतं.

"गाडी नीट झाली," खेतशी डोळे पुसत म्हणाला. "पण तुझ्या हाताला बसेल असा पाना माझ्याकडे नाही."

मला मात्र हसू येईना. परवा रामीच्या गावाला निघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही मिठाच्या रणाच्या काठाला गेलो, जिथं कोसभर एक झुडूपही नाही. अलारखा चालवी, मी शेजारी. ढेल उजवीकडे जाई, तो दचकून डावीकडे ओढी, मागे चाकांची नागमोड उमटे.

"मी घड्याभोवती रेघ कशी काढते?" मी विचारलं.

"काडीनं."

"काडी फिरते?"

"नाही. चाक फिरतं. काडी जागच्या जागी."

"मग तुम्ही काडी व्हा. फिरायचं काम रस्त्याला करू द्या."

त्यानं हात सैल सोडले. मी गुणगुणायला लागले, रेघ काढताना गुणगुणते तसंच, सुचेल ते:

घडा फिरे बाई, काडी राही उभी
मासा पोहे नभी, वैशाखाच्या

सूर्य कलला तेव्हा मागे वळून पाहिलं. पांढऱ्या मिठावर आमची चाकं दोन सरळ रेघा ओढत आली होती.  अलारखा गाडी थांबवून खाली उतरला आणि दोन पावलं मागे जाऊन, मी रंगवलेला घडा निरखतो तसा त्या रेघांकडे बघत राहिला.

बारसेला पहाटे गवतात घडे रचले. वाटेत खेतशीनं थांबवून बोल्ट पुन्हा कसले, "पाटे नव्यानं बसवले की बोल्ट ढिले पडतात" म्हणत. पुढे नदीचं कोरडं पात्र आलं, गोट्यांनी भरलेलं. मी डोळे मिटले, कान हौद्याकडे लावले. एरवी तिथं खळखळाट असे. आज फक्त गवताची कुजबुज होती.

अरजणच्या अंगणात रामी स्वतः धावत आली, हळदीच्या अंगानं. आजी काठी टेकत मागे. एकेक घडा खाली उतरे, आजी बोटाच्या पेरानं टिचकी मारी, घडा टण् म्हणे, बायका "हं" म्हणत. अठ्ठाविसावा इवला घडा रामीनंच घेतला, टिचकी मारली. तो सगळ्यांत गोड वाजला.

"हे ठिपके कुणी काढले, मासी? असे वाकडे?"

"सात वर्षांच्या एका पोरीनं."

तिनं तो घडा गालाला लावला. गालाची हळद मातीला लागली, ती मी पुसू दिली नाही.

तिकडे चार गडी ढेलीखाली वाकून पाटे मोजत होते. एकजण म्हणाला, "अलारखा, दोन कमी दिसतात."

"हो," माझा धनी मिशीला पीळ देत म्हणाला, "मुद्दाम काढले."