हॉटेलात अंथरलेली चटई

मी एक जुनी चटई आहे मुलांनो, केवड्याच्या पानांची, काठाला लाल-पिवळ्या लोकरीची झालर असलेली. फिजी बेटावरच्या उनाइसीने मला विणले, तेव्हा तिचे केस काळेभोर होते. माझ्यावर बाळे रांगली, सोयरिकी जुळल्या. बूट घालून माझ्यावर कुणी चढले नाही, आणि माझ्यावर वडीलधारे बसलेले असताना कुणी उभ्याने बोलले नाही.

पुढे उनाइसी आजी झाली, सगळ्यांची 'बुबू'. नात तोरिकाच्या नर्सिंगच्या मुलाखतीसाठी ती सुवा शहरात एका हॉटेलात उतरली. मला गुंडाळून सोबत घेतले होते. खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती. दुपारी तोरिका न्हात असताना मनोआ नावाचा नोकर आपल्या किल्लीने दार उघडून सरळ आत आला. बुबूने त्याला हाकलले. थोड्या वेळाने तो पुन्हा आला, म्हणे पंखा बघायचाय! पोरगी ओल्या केसांनी कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. "बुबू, मुलाखत नको. घरी जाऊ या."

बुबू तिला घेऊन खाली गेली आणि दाराला कडी मागितली. मॅनेजर लेपानीने मानही वर केली नाही. "गावात दारं उघडी टाकून झोपता ना? मग इथंच कडी कशाला हवी?"

"गावात माणसं हाक मारून येतात, बाबा."

काउंटरशी उभा असलेला मनोआ फिदीफिदी हसला.

बुबूने मला काउंटरसमोर अंथरले आणि नातीला घेऊन मांडी घालून बसली. फरशी पुसणाऱ्या बायका लगेच खाली बसल्या. हमाल वाकून, "माफ करा, माफ करा" म्हणत कडेने जाऊ लागले. उभे राहिले ते दोघेच.

"काय रे मनोआ," एक बाई म्हणाली, "आईनं तुला गुडघे दिले नाहीत का?"

लेपानीने बूट काढले आणि तो माझ्या काठाशी बसला. "बोला, बुबू."

"दाराला कडी. आणि ह्याच्याजवळची किल्ली काढून घे."

"चुकलं, बुबू," मनोआ खाली बसत पुटपुटला.

"मला नको. हिला सांग."

त्याने तोरिकाची माफी मागितली आणि किल्ली लेपानीच्या हाती दिली. उजेड असतानाच सुतार येऊन दाराला कडी बसवून गेला. तोरिकाने स्वतः कडी लावली, ओढून पाहिली आणि मुलाखतीचे कपडे पिशवीतून बाहेर काढून ठेवले.

आता ती मोठी नर्स आहे. मी तिच्या कपाटामागे पडून असते, झालर विटली आहे. मुलांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, एवढे पुरे. पण तुमच्या छपराखाली कुणी पाहुणी उतरली, तर दाराबाहेर थांबा, हाक मारा, आणि तिने 'ये' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.