लाभत नाही

श्रीनाथ सरांनी त्या रविवारी खडू हातात घेतला नाही. टेबलाला टेकून ते म्हणाले, "टीवी की बहस नहीं चाहिए, नेताओं के भाषण तो बिल्कुल नहीं. अगले रविवार सब अपने-अपने घर से एक तर्कदोष लेकर आएँगे. घरों में बहुत मिलते हैं."

वर्ग हसला. माझ्या शेजारी बसणारी निहारिका, वयाने माझ्या निम्म्याहूनही लहान, हळूच म्हणाली, "दीदी, मैं तो पूरी दादी को ही ले आऊँगी."

मला शोधावं लागणार नव्हतं.

बाबा गेल्यावर रविवार फार मोठे झाले होते. मी विमा कार्यालयात काम करते, त्यामुळे आठवडा कसाही निघतो. रविवारी मात्र नानाखेड्याच्या आमच्या घरात आई एका खोलीत आणि मी दुसऱ्या खोलीत, एकमेकींना चाहूल लागत राहील इतपत आवाज करत वावरायचो. म्हणून मी फ्रीगंजमधल्या एका कॉलेजात बी.ए.च्या रविवारच्या वर्गांना नाव घातलं. विषय तत्त्वज्ञान, पहिला पेपर तर्कशास्त्राचा. वाचन मी नेहमीच करत आले. पण वाचलेलं कोणापुढे मांडावं आणि त्याने "कशावरून?" म्हणून विचारावं, हे सुख बाबांबरोबर संपलं होतं.

बाबा गेले ते कुरडयांच्या दिवसांत. आईच्या कुरडया सगळ्या कॉलनीला ठाऊक. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे तो शिजवून सोऱ्यातून गच्चीवर कुरडया घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्या उलटायच्या. उलटायचं काम बाबांचं. त्या सकाळी ते कुरडया उलटून खाली आले, खुर्चीत बसले आणि मी पाणी आणेपर्यंत गेलेले होते.

तेराव्याला नलूआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, सगळ्यांसमोर म्हणाली, "आपल्या घराला कुरडया लाभत नाहीत. यापुढे बंद."

अशी एखादी बंदी नसलेलं मराठी घर मी अजून पाहिलेलं नाही. कोणाकडे पाळणा टांगत नाहीत, कोणाकडे सांडगे घालत नाहीत, कोणाकडे दारात शेवगा लावत नाहीत. का, तर लाभत नाही. पूर्वी कधीतरी ते काम चालू असताना घरातलं कोणी गेलेलं असतं. त्या माणसाचं नावसुद्धा कोणाला आठवत नाही, बंदी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. पण अशी बंदी जन्माला येताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आईने सोऱ्या माळ्यावर टाकला. त्यानंतर ती गच्चीवर गेली नाही. कपडे वाळत घालायलासुद्धा नाही.

पुढच्या रविवारी मी हे सगळं वर्गात सांगितलं, शक्य तेवढ्या कोरड्या शब्दांत.

सर म्हणाले, "इसके बाद हुआ, इसलिए इसी से हुआ. हमारे यहाँ इसे काकतालीय कहते आए हैं."

"मराठी में कहते हैं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला," मी म्हटलं. "कौआ बैठा और डाल टूट गई."

"बेचारा कौआ," मागून कोणीतरी म्हणालं.

सरांनी विचारलं, "माताजी कुरडई कब से बना रही थीं?"

"शादी के बाद से, हर साल."

"और पिताजी हर साल पलटते थे?"

"हर साल."

निहारिकाला राहवलं नाही. "फिर तो सर, इतने साल अंकल को कुरडई ने ही ज़िंदा रखा!"

बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. आणि मला हसू आलं, चांगलं मोठ्याने. हे बाबांनी ऐकायला हवं होतं, असं वाटलं.

त्याच उत्साहात घरी आले. आई मेथी निवडत होती. मी समोर बसून सगळा युक्तिवाद मांडला. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी, म्हणजे कारण आणि परिणाम नव्हे. इतकी वर्षं कुरडया झाल्या तेव्हा काही झालं नाही. आणि ज्या घरांत कुरडया होतच नाहीत, त्या घरांतही माणसं जातात. वर्गात जमला होता त्याहून इथे तो जास्त चांगला जमला.

आईने देठ बाजूला सारले. "झालं तुझं?"

"हो."

"कुरडयांनी माणूस मरत नाही, एवढं मला कळत नाही असं वाटलं तुला? नलूताईंचा भाऊ गेला. त्यांना कशाला तरी दोष द्यायचा होता, कुरडयांना दिला. म्हटलं, देऊ दे."

"मग तू गच्चीवर का जात नाहीस?"

ती मेथीकडे बघत बोलू लागली. "पहाटे म्हणाले होते, खांदा जड वाटतोय. मी म्हटलं, तेवढ्या कुरडया उलटून या, मग बाम लावते. ऊन चढायच्या आत व्हायला हवं होतं. मला त्या वेळी कुरडया दिसत होत्या, जयू. हे दिसत नव्हते."

आमच्या पुस्तकात आणखी एक दोष दिला आहे: समोरच्याचं खरं म्हणणं ऐकून न घेता, आपल्याला खोडता येईल असं काहीतरी त्याच्या तोंडी घालायचं आणि मग ते खोडून काढायचं. मी आत्याचं म्हणणं आईच्या तोंडी घातलं होतं. आई काय धरून बसली आहे, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

"तुझ्यामुळे नाही गेले ते," मी म्हटलं.

"कशावरून?"

अगदी बाबांचा प्रश्न. मी मेथीची एक काडी उचलली.

"मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. इतके दिवस सगळे तेच करताहेत."

"बरं. मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण आई, तुलाही माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांना विचारू."

"कोणाला?"

"डॉक्टर पाग्यांना."

बाबांचं औषधपाणी तेच बघायचे. आईचंही. पण बाबा गेल्यापासून आई त्यांच्याकडे फिरकली नव्हती. ब्लडप्रेशरच्या गोळ्या जुनी चिठ्ठी दाखवून आणायची. त्यामागचं कारण मला आत्ता कळत होतं.

"आणि ते हो म्हणाले तर?"

यावर पुस्तकात काही नव्हतं. "तर हो," मी म्हटलं. "मी तुझ्याबरोबर असेन."

आईने जायला आठवडाभर घेतला. एकदा चप्पल घालून परत काढली. शेवटी एका संध्याकाळी स्वतःच म्हणाली, "चल. आज नाही तर मग कधीच नाही."

डॉक्टर चिन्मय पागे माझ्याच वयाचे. आईला पाहून उठून उभे राहिले. "काकू! किती दिवसांनी. आधी बीपी बघू."

"बीपी मग बघा. मला एक विचारायचंय. खरं सांगाल?"

तिने सगळं सांगितलं. खांदा, बाम, ऊन, जिना. एकही शब्द इकडचा तिकडे न करता. मग विचारलं, "मी त्यांना वर पाठवलं नसतं, तर ते वाचले असते का?"

डॉक्टरांनी लगेच उत्तर दिलं नाही, हे मला बरं वाटलं.

"काकू, खांदा जड वाटत होता म्हणजे त्रास आधीच सुरू झालेला होता. जिन्याने हृदयावर ताण पडला असेल, नाही असं म्हणणार नाही. पण ते अंथरुणावर पडून असते तर वाचले असते, असं मी नाही म्हणू शकत. अंथरुणावरही जातात माणसं. मी रोज बघतो. त्याच वेळी माझ्याकडे आणलं असतं तर थोडा चान्स होता. पण खांदा दुखतोय म्हणून पहाटे डॉक्टरकडे कोण धावतं? मीपण नसतो गेलो."

"म्हणजे नक्की नाही."

"नक्की नाही. कधीच कळणार नाही."

आई बराच वेळ हातातल्या रुमालाची घडी करत राहिली. "आणि मी नक्की आहे असं धरून बसले," ती म्हणाली. मग बाही वर करून तिने हात टेबलावर ठेवला. "घ्या, आता बीपी बघा."

बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर रागावले. आईने निमूटपणे ऐकून घेतलं. मला ते रागावणं चक्क आवडलं.

बाहेर आल्यावर मी रिक्षाला हात करणार तर आई पुढे निघून गेली होती. धान्याच्या दुकानात तिने पोत्यातला गहू ओंजळीत घेतला, फुंकर मारली, एक दाणा दातांखाली धरला. "किती घेऊ?" तिने मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दुकानदाराला सांगितलंही.

बातमी देवासला आत्यापर्यंत कशी पोचली, ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. ऐकू कमी येतं म्हणून ती ओरडूनच बोलते.

"मंगला, गहू आणलास म्हणे! तेराव्याला मी काय सांगितलं होतं? आपल्याला लाभत नाहीत कुरडया!"

"कशावरून, नलूताई?"

"कशावरून म्हणजे? आदल्या दिवशी घातल्यास, दुसऱ्या दिवशी भाऊ गेला!"

"आदल्या दिवशी तुम्हीही आला होतात," आई शांतपणे म्हणाली. "जेवून गेलात. मग तुम्हीसुद्धा लाभत नाही म्हणायचं का?"

मी डोळे मिटून घेतले. आता आठवडाभर फोन बंद, असं मला वाटलं.

पण आत्या बोलली, न ओरडता, मला जेमतेम ऐकू येईल इतकं हळू. "मी त्या दिवशी आले नसते, तर भाऊ शेवटचा दिसला नसता गं."

"तेच म्हणतेय मी," आई म्हणाली. "तुम्ही आलात, कुरडयांचा चीक दोघांनी एका ताटलीत खाल्लात, तूप जास्त घेतलं म्हणून भांडलात. ते तरी झालं."

"त्यानेच जास्त घेतलं होतं."

"असेल."

मी चहाचं पाणी ठेवलं.

"एकटीने कसा घोटणार आहेस चीक?" आत्याने पुन्हा ओरडून विचारलं. "जयूला येतो का?"

"कुठला! ती नुसती वाद घालते."

"मग मी येते शुक्रवारी. गहू कोणता आणलास?"

"लोकवन."

"दाणा कसा आहे?"

आईने फोन कानाशी धरूनच डब्याचं झाकण उघडलं. "चांगला आहे," ती म्हणाली. "भरलेला आहे."